पोलादी गुडघ्याचा पहारा

आबारावांनी तो पांढरा तुकडा नखानं खरवडला आणि टेबलाच्या कडेवर दोनदा आपटला. खणखणीत आवाज काही आला नाही, नुसतं टक् टक् झालं. मग जेवताना दाताखाली आलेला खडा माणूस ताटाच्या कडेला सारतो, तसा तो त्यांनी डॉक्टरांपुढं सारला.

"हे माझ्या गुडघ्यात घालणार तुम्ही?"

"वर धातू, खाली धातू आणि मधे हे," पुण्याचे डॉक्टर म्हणाले.

"आमच्याकडं बादल्या करतात ह्याच्या."

"प्लास्टिकच्याच जातीचं आहे. पण बादलीपेक्षा फार चिवट." डॉक्टरांनी दोन मुठी एकीवर एक ठेवल्या आणि हळूच फिरवल्या. "गुडघा म्हणजे दाराची बिजागरी नव्हे, आबाराव. तो दुमडतो, दुमडताना जरा घसरतो, जरा पिळतोही. पाऊल वळलं की पीळ वर चढतो, टाच आपटली की हादरा वर चढतो. हा मधला तुकडा ते सगळं स्वतःच्या अंगावर घेतो."

"आणि झिजतो."

"झिजतो. हळूहळू. झिजला की बदलता येतो."

आबाराव हसले. सभेत एखादा सभासद उसाच्या वजनाबद्दल शंका काढायला उभा राहिला की ते असेच हसत, आणि तो सभासद मग आपोआप खाली बसे.

"झिजणारी वस्तू मी घेत नसतो. आमच्या कारखान्यातला रोलर या बघायला. निव्वळ पोलाद. मला सगळं पोलादीच पाहिजे."

"तसाही मिळतो. पोलादी बिजागरीचा. मी तो बसवत नाही."

"का? जमत नाही?"

डॉक्टरांनी तो पांढरा तुकडा उचलून डबीत ठेवला. "काहीतरी झिजायलाच पाहिजे, आबाराव. कोणी झिजायचं, एवढंच आपल्या हातात असतं."

बाहेर बाकावर केशरबाई पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. नवऱ्याची काठी वाजली तशी ती उठली.

"काय म्हणले?"

"चिपाड हाय नुसतं. मनगट बघितलंस का त्याचं? असला माणूस गुडघे बसवतोय! मास्तर व्हायचा तो डॉक्टर झाला. चल."

मग मुंबईचा एक डॉक्टर मिळाला. पेशंट सांगेल ते बसवून देणारा. आबाराव गावी परतले त्या दिवशी कारखान्याच्या फाटकात तेरखेड्याच्या फटाक्यांचे तोटे उडाले, आणि चेअरमनसाहेब जीपमधून उतरून काठीशिवाय ऑफिसच्या दारापर्यंत चालत गेले. नंतर महिनाभर, जो भेटायला येईल त्याला ते गुडघ्याला हात लावायला लावत. "दाब. आणखी दाब. लाजतोस काय बायकोवाणी? पोलाद हाय ते."

एकटी केशरबाईच दाबायला गेली नाही. दळण आवरता आवरता तिनं विचारलं, "अवो, दोन्हीकडनं लोखंडच? मधी कायबी न्हाय?"

"कशाला पाहिजे मधी?"

"रिकामं जातं फिरवू न्हाय म्हणत्यात. दाणं नसलं की दगूड दगडाला खातो."

"तू आपली जात्यापाशीच बस," आबाराव म्हणाले.

त्यांना वाकणाऱ्या कुठल्याही गोष्टीचा तिटकारा होता. वाऱ्यानं वाकणारं पीक त्यांना आवडत नसे आणि साहेबापुढं वाकणारा कारकूनही. स्वतः मात्र साहेबापुढं ते वाकलेच नव्हते असं नाही. पण ते वाकणं नव्हतं, ते राजकारण होतं. देवापुढं वाकणाऱ्यांचा तर त्यांना कंटाळाच होता. गावात दरसाल हनुमान जयंतीच्या आधी सप्ताह बसे. चेअरमन म्हणून आबाराव पहिल्या दिवशी येत, नारळ फोडत, महारुद्रबुवांच्या हातून गळ्यात हार घालून घेत आणि कीर्तनाला तोंड फुटायच्या आत जीपमध्ये बसत. "ह्यांना टँकरचं पाणी प्यायचं नि आठवडाभर कोकलायचं," ते ड्रायव्हरला सांगत. "कामं न्हाईत, दुसरं काय."

आणि त्या कोकलणाऱ्यांतही त्यांना सगळ्यांत जास्त डोळ्यांत खुपे तो बब्रुवान.

बहात्तरच्या दुष्काळात रस्त्याच्या कामावर आबाराव देखरेखीला होते आणि बब्रुवान खडी फोडायला. दिवसभर गुडघे टेकून, मांडी मोडून फोडायची. त्याच वर्षी त्याचे गुडघे गेले ते गेलेच. तेव्हापासून तो बायकोच्या जुन्या लुगड्याच्या पट्ट्या गुडघ्यांना गुंडाळून असे. पट्ट्या विटत, फाटत, तो नव्या गुंडाळी. आबारावांहून तो पाच-सहा वर्षांनी थोरला. तरी आबाराव त्याला बब्र्या म्हणत, आणि कधी लहर आली तर चिंध्या. बब्रुवानही हसून ओ देई. त्या हसण्याचा आबारावांना आणखी राग यायचा. माणसाला अपमानसुद्धा कळू नये म्हणजे काय!

असा हा बब्रुवान सप्ताहाचा जुना विणेकरी. सप्ताह बसला की वीणा आठवडाभर जमिनीला टेकत नाही. कोणीतरी ती गळ्यात घालून उभं असतंच. एकाचा पहारा संपला की ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते. चिंध्या बांधलेल्या त्या पायांवर बब्रुवान तासन् तास उभा राही, आणि गावातल्या बायका वाकून त्याच्या पाया पडत.

पोलादी गुडघा बसवल्याच्या तिसऱ्या वर्षी आबारावांच्या मांडीच्या आत, हाडाच्या गाभ्यात काहीतरी टोचायला लागलं. उठताना टोचायचं, वळताना टोचायचं. आबारावांनी केशरबाईला सांगितलं नाही. बँकेच्या कामाचं निमित्त करून ते सोलापूरला गेले. तिथल्या डॉक्टरानं फोटो उजेडापुढं धरला.

"धातूला ओरखडासुद्धा नाही," तो म्हणाला.

आबारावांची छाती फुगली. "मग? मी म्हणत नव्हतो?"

"हाड मात्र गेलंय." डॉक्टरानं काचेवरून बोट फिरवलं. पोलादाची दांडी पांढरीफेक दिसत होती आणि तिच्याभोवती काळसर पोकळी. "चौकटीत खिळा सैल व्हावा तसं झालंय. खिळा धडच राहतो, लाकूड भुगा होतं. सगळा पीळ, सगळा हादरा हाडानं सोसला. आता सांगतो ते ऐका. सरळ उभे राहा, सावकाश चाला. पण खाली वाकून त्या पायावर भार टाकू नका. तोल जाईल. आणि इथं मोडलं तर जोडायला हाड उरलेलं नाही."

घरी आल्यावर केशरबाईनं पाणी दिलं. "कुठं गेला व्हता?"

"सोलापूरला. डॉक्टरला दाखवला पाय. ओरखडा न्हाय म्हणला."

तिनं तांब्या परत घेतला आणि नवऱ्याच्या पायाकडं जरा जास्तच वेळ बघितलं.

गोष्ट लपायची तेवढीच लपली. सप्ताह उठला की कारखान्याची निवडणूक होती. भूमच्या बाजारात उत्तरेश्वर, विरुद्ध पॅनेलचा म्होरक्या, चहाच्या टपरीवर माणसं जमवून सांगत होता, "चेअरमनच्या बिजागरीला गंज चढलाय. आता तेल घालायला एक डायरेक्टर वाढवा." माणसं हसली. कोण कोण हसलं, तेही आबारावांच्या कानावर आलं.

त्यांनी महारुद्रबुवांना बोलावणं धाडलं. "यंदा सप्ताहात पहिला पहारा माझा. वीणा मी घेणार."

बुवा भोळे. त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं. "आबाराव, पांडुरंगानं बुद्धी दिली."

आबारावांनी मनात म्हटलं, पांडुरंगाला काय मतं आहेत का कारखान्यात. पण हिशेब त्यांनी पक्का केला होता. पोलादाला वाकणं जमत नसलं तरी उभं राहणं जमत होतं. अकरा गावांची माणसं सप्ताहाला येणार. त्यांच्यापुढं भर उन्हाळ्यात चेअरमन खांबासारखा उभा राहिलेला दिसला की उत्तरेश्वरचं तोंड शिवलं जाणार. पहिला पहारा घेण्यातही खुबी होती. पहिल्या विणेकऱ्याला बुवा स्वतः देवापुढची वीणा उचलून गळ्यात घालतात. कोणाच्या पाया पडावं लागत नाही. हे आबारावांनी दरसाल बघितलं होतं. पुढं काय होतं, ते बघायला ते कधी थांबलेच नव्हते.

मारुतीच्या देवळापुढं मांडव पडला. सिद्धेश्वर शिपायानं ऑफिसातली हाताची खुर्ची आणली आणि देवळाच्या ओट्यावर, सगळ्यांच्या डोक्यांच्या वर, कडेला मांडून ठेवली. पहारा झाला की साहेबांना बसायला.

"देवाच्या दारात खुर्ची?" हरणाबाई नावाची म्हातारी सगळ्यांना ऐकू जाईल अशी पुटपुटली. "मारुती शेपटीवर बसतो, आन् ह्यांना खुर्ची लागती!"

बुवांनी वीणा गळ्यात घातली. आबाराव उभे राहिले. ताठ. बोट तारेवरून फिरवत, समोरच्या खांबावर नजर ठेवून. पाय धड होता. मांडवात येणारा प्रत्येक जण आधी देवाकडं बघे नि मग त्यांच्याकडं. ते त्यांना दिसत होतं आणि आवडत होतं. उत्तरेश्वरही मागं येऊन टेकला. त्याचा चेहरा उतरलेला पाहून आबारावांना आयुष्यात पहिल्यांदा सप्ताह बरा वाटला.

पहारा संपला. बब्रुवान खुरडत पुढं आला. त्यानं हात जोडले, कण्हत खाली बसला आणि आबारावांच्या पावलांवर कपाळ टेकलं. त्यात आबारावांना काही नवं वाटलं नाही. बब्रुवान एका हातानं जमिनीचा आधार घेत उठला आणि उभा राहिला.

आबाराव वीणा काढायला लागले.

"साहेब," सिद्धेश्वर कानाशी येऊन कुजबुजला, "आधी तुमी."

"काय मी?"

"त्येंच्या पाया पडा. घेणाऱ्यानं देणाऱ्याच्या पडायचं आन् देणाऱ्यानं घेणाऱ्याच्या. कपाळ पावलाला टेकल्याबिगर वीणा सुटत न्हाय आपल्यात."

आबारावांनी खाली बघितलं. बब्रुवानाची पावलं खूप खाली होती. विहिरीच्या तळाशी असावीत तशी.

मांडव थांबला होता. टाळ धरलेले हात तसेच होते. मागं उत्तरेश्वरनं मान उंच केली.

"मी थांबतो अजून," आबाराव म्हणाले. "माझं मन भरलं न्हाय."

बब्रुवान एक पाऊल मागं सरला. "थांबा की. देवाला कुठं घाई हाय?"

आणि मांडवातून 'वा वा' उठली.

ऊन चढलं. दुसरा पहारा गेला. दरवेळी कोणीतरी पुढं येई, पाया पडे, आबाराव मान हलवत आणि तो माणूस हात जोडून मागं सरे. दुपारपर्यंत बातमी वाडी-वस्तीवर गेली. चेअरमन वीणा सोडीना! माणसं बैलगाड्या जोडून आली. ज्यांनी उसाचं वजन कमी भरलं म्हणून तीन वर्षं शिव्या घातल्या होत्या, ते येऊन पाया पडून गेले. हरणाबाईनं तर त्यांच्या पोलादी गुडघ्यालाच कपाळ लावलं. "चुकलं माजं, लेकरा. लई बोलले."

आबारावांना तिची कीव आली नाही, किळस आली. सगळ्या गावाचीच आली. एवढी अक्कल नाही? माणूस अडकून पडलाय आणि ही येडी त्याची आरती करतात! असल्यांनी आपल्याला निवडून दिलं होतं, आणि असलेच पुन्हा देणार होते. मांडीतलं टोचणं आता टोचणं राहिलं नव्हतं. कोणीतरी आतून गिरमिट फिरवत होतं. डाव्या हातानं त्यांनी मांडवाचा खांब धरला. लोकांना वाटलं, तंद्री लागली.

दिवस कलला तेव्हा कीर्तन उभं राहिलं. विणेकरी बुवांच्या मागं उभा असतो, त्यामुळं आबारावांना आता हलायचीही सोय राहिली नाही. महारुद्रबुवांचा आवाज फाटका. पण माणूस रंगला की त्याला थांबवणं कठीण. ते मध्येच वळले आणि उपरणं आबारावांकडं फेकल्यासारखं करून म्हणाले, "अहो, देव कुठं शोधताय? ह्या आबारावांकडं बघा. पाय पोलादाचा, पण मन? मेण झालं मेण!"

टाळ्या पडल्या. मेण! आबारावांनी दात आवळले.

बायकांच्या बाजूला केशरबाई बसली होती. सगळ्या जणी तिच्याकडं वळून वळून बघत होत्या, भाग्यवान म्हणत होत्या. ती टाळ्या वाजवत नव्हती. ती नवऱ्याच्या पावलाकडं बघत होती. पायाची बोटं माती धरून आवळली होती, नखं पांढरी पडली होती. ती उठली, कडेकडेनं टाळकऱ्यांच्या मागं गेली आणि पदर तोंडावर धरून बब्रुवानाच्या कानात काहीतरी बोलली.

आबारावांनी ते पाहिलं. सांगितलं हिनं, त्यांच्या मनात आलं. तीस वर्षं जात्यापाशी बसली आणि आज उठली.

बब्रुवानानं मान डोलावली. उठायला त्याला वेळ लागला. तो खुरडत ओट्याकडं गेला, पायऱ्यांवर हात टेकत टेकत वर चढला आणि चेअरमनची खुर्ची ओढून ओट्याच्या अगदी काठाशी आणली.

"ओ बाबा!" सिद्धेश्वर धावला. "साहेबांची खुर्ची हाय ती!"

"ठाव हाय. खात न्हाय म्या ती. मला वर चढव."

"कुठं?"

"खुर्चीवर."

"बसायला?"

"उभं राह्यला, येड्या. धर हात."

बुवांचं कीर्तन तोंडातच राहिलं. सिद्धेश्वर आणि एक टाळकरी, दोघांनी म्हाताऱ्याला उचलून खुर्चीवर उभं केलं. डोकं देवळाच्या घंटेला लागलं, घंटा वाजली आणि सगळा मांडव हसायला लागला.

"बब्रुवान चेअरमन झाला!" उत्तरेश्वर मागनं ओरडला.

"कारखाना बंद पडंल मग," बब्रुवान वरून म्हणाला. हसू आणखी उसळलं. त्यानं दोन्ही हात जोडून लोकांना गप्प केलं. "हसा, हसा. माज्या गुडघ्यांचं खोबरं झालंय, देवा. मगाधरनं खाली-वर करून आता खाली उतरायचा जीव न्हाय राहिला. आबारावांना तरी किती येळ ताटकळवू? माज्यापायी त्येंचा खोळंबा झालाय. म्या हितं वरच घेतो वीणा. पाया पडायचं ते त्येंनी हितंच पडावं. चालंल का, बुवा?"

बुवांनी डोळे पुसले. "न चालायला काय झालं?"

"म्हातारं आता थकलं," कोणीतरी म्हणालं. "पुढल्या साली दुसरा विणेकरी बघा."

"बघा की," बब्रुवान म्हणाला.

आबाराव खांब सोडून चार पावलं चालले. ओट्याशी पोचले तेव्हा बब्रुवानाची पावलं बरोबर त्यांच्या छातीसमोर आली होती, आणि नाकासमोर त्या पट्ट्या. एवढ्या जवळून त्यांनी त्या कधी बघितल्या नव्हत्या. हिरव्या लुगड्याची पट्टी, तिच्याखाली तांबडी, तिच्याखाली आणखी कसली तरी. वरची झिजून जाळीसारखी झाली होती.

त्यांनी वीणा काढून वर दिली. बब्रुवानानं ती गळ्यात घालून घेतली. मग आबारावांनी मान थोडी खाली केली. गुडघा दुमडावा लागला नाही, कंबरही नाही. कपाळ पावलाला लागलं. टाचेच्या भेगांत काळी माती बसलेली होती.

"पाय तरी धुवायचे व्हते, बब्रुवान," ते कोणाला ऐकू जाणार नाही असं म्हणाले.

"धुतले व्हते की सकाळी," वरून तसाच हळू आवाज आला. "तुमीच उशीर केला."

टाळ पुन्हा सुरू झाले. बब्रुवानाला वीणेसकट खाली उतरवायला चौघं लागले, आणि लोक अजून त्यालाच हसत होते. सिद्धेश्वरनं खुर्ची ओट्यावरून खाली घेतली. बसायच्या जागेवर दोन पावलांचे मातीचे ठसे उमटले होते. त्यानं खांद्यावरचं फडकं काढलं.

"कुठं मांडू, साहेब? वर?"

"मागं. चपला काढल्यात तिथं."

"पुसतो आधी..."

"राहू दे फडकं," आबाराव म्हणाले आणि खुर्चीच्या हाताला धरून सावकाश त्या ठशांवर बसले. पोलादी पाय त्यांनी समोर सरळ ठेवला. केशरबाई लांबून बघत होती. त्यांनी तिच्याकडं बघितलं नाही.

जीप वडाखाली उभी होती. ड्रायव्हर येऊन विचारून गेला, निघायचं का म्हणून.

बुवांचा आवाज आता अगदीच फाटला होता. दृष्टांतही जुनाच होता. आबाराव कीर्तन संपेपर्यंत उठले नाहीत.